नमुना क्रमांक ४१७ आणि माझी हिरवी खूण

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, २६ नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप धनराजदाजी यांच्या चरणी देवरामचा नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही ताडकन उठाल आणि गुडघ्याला ते सोसणार नाही. तेव्हा बसूनच वाचावे. अक्का फोनवर म्हणाली की जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. माझ्या मते काही दिवस वरच राहावे. अक्काची साखर आटोक्यात असेल, मनमाडला पाणी या पंधरवड्यात तरी वेळेवर आले असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुमचे आंतर्देशीय पत्र गुरुवारी पोचले. पस्तीस वर्षे रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला माणूस इतके कडक लिहू शकतो हे मला ठाऊक होते, पण तीन वाक्यांखाली तांबड्या शाईच्या दुहेरी रेघा मारील असे वाटले नव्हते. तुमचे म्हणणे असे की मी मालेगावच्या देवरे गुरुजींची लेखी माफी मागावी, ऑफिसातल्या सायलीला कामावरून काढावे आणि मेलवर रंगीत खुणा करण्याचे हे खूळ कायमचे सोडून साधी वही घालावी. दाजी, तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पल्लवीसाठी हे स्थळ तुम्हीच आणलेत आणि त्यात तुमचा शब्द गुंतला आहे, हे सगळे मला मान्य आहे. तरीही तिन्ही गोष्टींना माझे उत्तर नाही असेच आहे. आजही नाही, उद्याही नाही. तुम्ही गुरुजींच्या बाजूची हकीकत ऐकलीत, आता माझी ऐका. (फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही मध्येच बोलता. मेलही केला नाही, त्याचे कारण पुढे कळेलच.)

रंगांचे खूळ म्हणता, पण त्याच्यावर माझी प्रयोगशाळा उभी राहिली आहे. अठ्ठ्याण्णव साली एका खोलीत माती-पाणी तपासायला सुरुवात केली तेव्हा शेतकरी मातीच्या पिशव्या आणून दारात टाकून जायचे. कुणाची बाग वाळत चाललेली, कुणाला नुसती उत्सुकता. मी शिंप्याकडून चिंध्या आणल्या. तातडीच्या पिशवीला लाल, पाण्याच्या बाटलीला निळी, अहवाल द्यायचा राहिला त्याला पिवळी. नऊ वर्षांत एकही पिशवी चुकली नाही. पुढे लोक मेल करू लागले, त्यांना चिंधी कशी बांधणार? पण मेलच्या प्रोग्रॅममध्ये रंगीत खुणा करायची सोय सापडली तेव्हा मला जो आनंद झाला तो (संध्याला सांगू नका) पल्लवीच्या जन्मानंतरचा दुसरा होता.

अडचण एकच होती. एक कॉम्प्युटर घरी, एक ऑफिसात आणि वर माझा मेल येणारा नवा फोन. प्रत्येकजण मेलची आपापली प्रत उतरवून घ्यायचा आणि एकाने केलेले दुसऱ्याला कळायचे नाही. घरी झेंडा लावलेला मेल ऑफिसात बिनझेंड्याचा. ऑफिसात वाचलेला मेल फोनवर न वाचलेला. दिंडोरीच्या एका बागाईतदाराला मी घरून लिहिले की पाणी कमी करा आणि त्याच दिवशी ऑफिसातून सायलीने लिहिले की पाणी वाढवा. त्या भल्या माणसाने अर्ध्या बागेत कमी केले, अर्ध्या बागेत वाढवले आणि आम्हा दोघांना धन्यवादाचा मेल पाठवला. तो मेल मला सहा ठिकाणी वाचावा लागला असे वाटते.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सोमाला बोलावले. तो दोन दिवस पालथा पडून होता. शेवटी म्हणाला, "काका, आता सगळे मेल एकाच जागी राहतील, सर्व्हरवर. घरचा आणि ऑफिसचा, दोन्ही तिथंच बघणार. इथं वाचलं की तिथं वाचलेलं दिसणार. इथं खूण केली की तिथं खूण दिसणार." मी घरी एका मेलला लाल खूण केली, रिक्षा करून ऑफिसात गेलो आणि तिथे ती लाल दिसली. दाजी, मी सायलीच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला. (फोन मात्र शेवटपर्यंत ऐकला नाही. त्याला रंग दिसतच नाहीत. तो मी आता फक्त बोलायला वापरतो.)

आता देवरे गुरुजींचा मेल. दिवाळीनंतरच्या सोमवारी तो आला, सकाळी, घरी. पुंजाजी देवरे, निवृत्त मुख्याध्यापक, मालेगाव. चार पानी मजकूर, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी टंकलेखन अजून शिकायचे आहे असे त्यांनी आरंभीच नम्रपणे कळवले होते. सोबत चिरंजीव अमितचा फोटो, पत्रिका, तंत्रनिकेतनातल्या नोकरीची माहिती. तिसऱ्या पानावर एक वाक्य होते: मुलीने लग्नानंतर आपले प्रयोगशाळेचे काम सोडू नये, असे माझ्या मुलाचे आग्रहाचे म्हणणे आहे. ते मी तीनदा वाचले आणि संध्याला स्वयंपाकघरातून बोलावून चौथ्यांदा वाचून दाखवले. याआधी आलेल्या तीन स्थळांना पल्लवी पसंत होती, पण तिची नोकरी नको होती. एकाने तर मातीत हात घालणारी मुलगी घरात शोभणार नाही असे माझ्या तोंडावर सांगितले. आमची पोरगी तिन्ही वेळा शांतपणे ॲप्रन चढवून कामाला गेली. म्हणून या मेलला मी लगेच हिरवी खूण केली. घरच्या कॉम्प्युटरवर मी हिरव्या खुणेला नाव दिले होते 'सोयरीक'.

आणि इथेच तुम्ही ज्याला माझा निष्काळजीपणा म्हणता ते घडले. सोमाने नंतर उलगडून सांगितले की सर्व्हरला नावे कळतच नाहीत. त्याला फक्त 'खूण क्रमांक तीन' एवढेच कळते. तीन नंबरला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने आपल्या कॉम्प्युटरवर ठरवायचे. माझ्याकडे तीन म्हणजे सोयरीक. सायलीकडे तीन म्हणजे 'नमुना – पोच द्या'.

सायलीला तुम्ही मूर्ख म्हटले आहे, ते परत घ्यावे. सध्या द्राक्षाचे पानदेठ तपासायचे दिवस आहेत, रोज ऐंशी नमुने येतात. हिरवी खूण दिसली की नाव-गाव बघायचे, कॉम्प्युटरात पुढचा क्रमांक चढवायचा आणि पोच पाठवायची, हा नियम मीच घालून दिला आहे. सोबतची जोडपत्रे उघडायची नाहीत, हाही माझाच नियम. मागे एका फोटोतून व्हायरस आला होता. मी तिला नंतर विचारले की त्या मेलमध्ये नमुना कुठे होता. ती म्हणाली, "काका, नमुने पिशवीतून येतात, मेलमधून कसे येतील? मेलमध्ये नाव आणि गाव असतं. ते होतं. अमित देवरे, मालेगाव." यावर तुम्ही काय बोलला असतात ते मला कळवा.

तर त्या दिवशी गुरुजींना आमच्या प्रयोगशाळेची पोच गेली. आपण पाठविलेला नमुना क्र. ४१७ मिळाला. वरकरणी नमुना ठीक वाटतो. तपासणीअंती कळवू. नमुना परत केला जाणार नाही.

गुरुजींनी दोन दिवसांनी खुलासा मागणारा मेल लिहिला. (तो मी आता पाहिला आहे आणि त्यातला संयम खरोखर मोठा आहे.) त्यांचा प्रश्न असा की ४१७ म्हणजे याआधी आपण चारशे सोळा मुले पाहिलीत काय, आणि तसे असल्यास आपल्या मुलीचे वय नक्की किती? हा मेल ऑफिसात सायलीने आधी उघडला. त्यामुळे घरी मला तो 'वाचलेला' दिसला. वाचलेला म्हणजे मीच वाचला असणार असे समजून मी पुढे गेलो. दाजी, एकाने वाचले की सगळ्यांनी वाचले असे धरायचे, यासाठीच तर मी सोमाला दोन दिवस राबवले होते!

सायलीने त्या मेलमध्ये दोनच गोष्टी पाहिल्या. '४१७' आणि 'खुलासा'. इंग्रजी अक्षरांतले लांबलचक मराठी वाचताना माझेही डोळे फिरतात, तर तिला दोष कसा देऊ? तिने ४१७ चा अहवाल काढला. आता अहवाल असणार कुठून म्हणाल, तर होता. पिशव्यांवर क्रमांक घालायची हातवही वेगळी असते. तिथे ४१६ झाले होते, म्हणून त्याच दुपारी निफाडकडून आलेल्या मातीच्या पिशवीवर ४१७ पडले. आणि कॉम्प्युटरात ४१७ समोर अमितचे नाव आधीच चढले होते. पल्लवीने माती तपासून क्रमांकापुढे आकडे भरले, छापील कागदावर सही केली (नाव सायली नंतर कॉम्प्युटरातून घालते), सायलीने तो पाठवला. गुरुजींनी सकाळी पूजा आटोपून मेल उघडला तेव्हा त्यांना दिसले ते असे:

नमुन्याचे नाव: अमित पुंजाजी देवरे. क्षार प्रमाणाबाहेर. सेंद्रिय कर्ब अत्यल्प. निचरा नाही. शिफारस: सुधारणा होईपर्यंत नवीन लागवड करू नये. सही, पल्लवी देवराम पिंगळे, एम. एस्सी.

पुढचे तुम्हाला माहीत आहेच. गुरुजींनी तुम्हाला फोन केला, तुम्ही तांबड्या शाईची बाटली उघडलीत.

तुमचे पत्र हातात पडल्यावर मी ठरवले की मालेगावला स्वतः जायचे. माफी मागायला नव्हे, खुलासा करायला. काल रविवारी सकाळच्या एस.टी.ने गेलो. चांदवडचा घाट उतरेपर्यंत मी खुलासा पाठ केला. गुरुजी ओसरीवर बसले होते. समोर तो अहवाल, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला, कोर्टात पुरावा ठेवतात तसा. पाणी दिले, चहा दिला, बसा म्हणाले. मग अहवाल माझ्यापुढे सरकवला आणि इतका वेळ छापील मराठी बोलणारा तो माणूस एकदम घरच्या अहिराणीवर आला. "हाई काय शे?"

मी सांगितले. चिंध्यांपासून सांगितले. सर्व्हर, तीन नंबर, हातवही, सगळे. गुरुजींनी एकदाही मध्ये तोडले नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे चूक झाली, हे तुम्हाला मान्य आहे."

"अपघात झाला, हे मान्य आहे," मी म्हणालो. "चूक कुणाची ते दाखवा. मी माझ्या जागी बरोबर खूण केली. सायलीने तिच्या जागी बरोबर पोच दिली. पल्लवीने मातीचा अहवाल बरोबर दिला. माफी मागितली तर या तिघांपैकी कुणीतरी चुकलं असं होईल. मी माझ्या माणसांवर ते येऊ देणार नाही."

"आणि माझ्या मुलाच्या नावापुढे निचरा नाही असं लिहून आलं, ते कुणाच्या माणसावर आलं?"

मी उरलेला चहा बशीत ओतून प्यायलो. (त्यांचा चहा पिणे म्हणजे माफी नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो.) मग मी लिहून नेलेला खुलासा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, खिशातून तांबडे पेन काढले, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका ठिकाणी 'वाक्य अपूर्ण' असे लिहिले आणि परत दिला. "यात माफी हा शब्द कुठेही नाही. तो घालून आणा." मी म्हणालो, तो माझ्याकडे शिल्लक नाही. उठलो. अमित हा सगळा वेळ दाराशी उभा होता. मुलगा फोटोपेक्षा बरा आहे. 'लागवड' या शब्दाला त्याने पाठ फिरवली आणि त्याच्या खांद्याला हिसका बसलेला मी पाहिला. हसू होते की राग, ते पाठमोऱ्या माणसाचे कळत नाही.

तुम्ही पत्रात विचारले आहे की मनमाडला हिरव्या झेंडीचा अर्थ एक आणि भुसावळला दुसरा असता तर तुमची गाडी एक दिवस तरी धड गेली असती का. नसती. पण दाजी, म्हणून रेल्वेने झेंड्या चुलीत घातल्या नसत्या, दोन्हीकडच्या माणसांना एक अर्थ शिकवला असता. मी तेच केले आहे. चार रंगांची चार नावे कागदावर लिहून एक कागद घरी भिंतीला आणि एक ऑफिसात चिकटवला, सोमाकडून दोन्ही कॉम्प्युटरांवर तीच नावे घालून घेतली. सोयरिकीचा रंग कायमचा रद्द केला. आता आमच्याकडे चूक होणे शक्यच नाही. वही मी घालणार नाही. सायली राहील, पुढच्या महिन्यापासून तिला मदतनीसही देणार आहे.

राहता राहिली पल्लवी. तिला मी स्पष्ट विचारले की तो अहवाल तुझ्या सहीने गेला, तुला काय वाटते? म्हणाली, "बाबा, ती जमीन खरंच खराब आहे. मी त्यात एक आकडा बदलणार नाही." बापावर गेली आहे. पण अलीकडे गप्प असते, जेवताना मध्येच एकटीच हसते. संध्या म्हणते पोरीने मनाला लावून घेतले. मला रात्री अंथरुणात ते तिसऱ्या पानावरचे वाक्य आठवते. असे लिहिणारी माणसे पुन्हा मिळतील का, हा प्रश्न मला पडत नाही असे नाही. तरीही माफी नाही. मोडले तर मोडले. माझ्या दाराशी आलेल्या माणसाचा मी मुद्दाम अपमान केलेला नाही आणि न केलेल्या गुन्ह्याची कबुली मी माझ्या बापाजवळही दिली नव्हती.

अक्काला नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जावे. राग आला तर माझ्यावर काढावा, अक्कावर नको.

आपला आज्ञाधारक (या एका बाबीखेरीज),
देवराम नाथा पिंगळे

ता. क. (मंगळवार सकाळ): पत्र काल पोस्टात टाकायचे राहिले ते बरे झाले. संध्याकाळी सायलीने मला विचारले, "काका, जांभळ्या खुणेचे मेल जातात कुठे? काल असतात, सकाळी नसतात." मी म्हणालो आपल्याकडे जांभळी खूणच नाही, कागदावर चारच रंग आहेत. तर म्हणे पाचवा पल्लवीताईने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःपुरता घातला आहे, 'खासगी' म्हणून, आणि ठरावीक मेलवर तो आपोआप पडतो. दाजी, घरच्या कॉम्प्युटरवर पाचवा रंग मीही माझ्यापुरता घातला आहे. त्याचे नाव 'फेकून द्या'. खतांच्या जाहिराती, परदेशी लॉटऱ्या. रोज सकाळी चहाच्या आधी मी सगळे जांभळे न उघडता एका फटक्यात पुसतो, फार समाधान वाटते. ते मेल अमितचे होते. तो दहा दिवस पल्लवीला प्रयोगशाळेच्याच पत्त्यावर लिहितो आहे. परवा एस.टी. स्टँडवर तो मला सोडायला आला होता (हे वर लिहिले नाही, महत्त्वाचे वाटले नव्हते) आणि त्याने अगदी अदबीने विचारले होते, "काका, तुमच्याकडे मेल नीट पोचतात ना?" मी छाती काढून म्हणालो, "आमच्याकडे एकही मेल गहाळ होत नाही."

ता. क. दुसरा: पल्लवीला मी सगळे सांगितले. ती नुसते "बरं" म्हणाली. ते ऐकून मला जे झाले ते लिहीत नाही. तिला म्हटले, हाताने पत्र लिही, मी पोचवतो. सोबतचे बंद पाकीट तिचे आहे. आता खरी विनंती. तुम्ही हे घेऊन स्वतः मालेगावला जावे आणि अमितच्या हातात द्यावे, गुरुजींच्या नव्हे. त्याला सांगावे की मुलगी गप्प नव्हती, तिच्या बापाने पुसले. 'चूक' हा शब्द तुमच्या तोंडून गेला तर माझी हरकत नाही. मात्र तो मी लिहून दिलेला नाही.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझे, बाबांचे नाही): धनराजमामा, नमस्कार. बाबांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिले, लिफाफा उघडाच होता. तुम्ही मालेगावला जाऊ नका, गुडघा जपा. पहिल्या दोन मेलना उत्तर आले नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी सरळ प्रयोगशाळेत फोन केला, तेव्हापासून आम्ही रोज फोनवरच बोलतो. सोबतच्या पाकिटात कोरा कागद आहे. गुरुजींना हवी असलेली लेखी माफी मी आज कुरियरने पाठवली, खाली बाबांचे नाव घातले आहे, शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. यातले काही बाबांना कळवू नका. काल संध्याकाळपासून ते मला विचारल्याशिवाय एकही मेल पुसत नाहीत आणि आज सकाळचा चहाही त्यांनीच केला. आणखी आठ दिवस तरी हे असेच राहू द्यावे. – पल्लवी